सोलो सुरू झाला की चाल कुठे जाते? 'ऑटम लीव्ह्ज' ऐकण्याची पद्धत, पायरीपायरीने

जॅझ ऐकायचं ठरवून बसणारे बहुतेक लोक एकाच ठिकाणी हरवतात. ट्रंपेटवर चाल वाजत असते तोवर सगळं ठीक असतं. मग सॅक्सोफोन सुरू होतो, सूर भराभर यायला लागतात आणि पुढची कित्येक मिनिटं "वाजवतायत छान, पण चाललंय काय?" या अवस्थेत जातात. शेवटी चाल परत आली की जीव भांड्यात पडतो. मग कुणीतरी सांगतं, ऐकत राहा, आपोआप कळेल. आपोआप काही कळत नाही. तेच रेकॉर्डिंग त्याच पद्धतीने पन्नास वेळा लावलं तरी माणूस त्याच ठिकाणी हरवतो.

गडबड क्रमात असते. स्टँडर्डवरचा (जॅझवाले पुन्हा पुन्हा वाजवतात अशा ओळखीच्या गाण्यावरचा) सोलो म्हणजे त्या गाण्याच्या आराखड्यावर, तितक्याच लांबीत, त्याच कॉर्ड्सवर (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुड्यांवर) तिथल्या तिथे रचलेली नवी चाल. मूळ चाल वाजायची थांबली तरी तिची फेरी चालूच असते. वाजवणाऱ्या सगळ्यांच्या डोक्यात ती असते. ऐकणाऱ्याच्या डोक्यातही ती असावी, अशीच अपेक्षा असते. म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्यांचं काम एकच: सोलो चालू असताना मूळ चाल तुमच्या मनात न थांबता वाजत राहिली पाहिजे.

उदाहरणाला मी सॅक्सोफोनवादक कॅननबॉल अ‍ॅडर्ली आणि ट्रंपेटवादक मायल्स डेव्हिस यांचं १९५८ चं 'ऑटम लीव्ह्ज' घेतलं आहे. चाल सोपी, लय मध्यम, रेकॉर्डिंग स्वच्छ. शिवाय एकाच आराखड्यावर दोन अगदी वेगळ्या स्वभावाची माणसं लागोपाठ वाजवतात, त्यामुळे तुलना करायला फार लांब जावं लागत नाही.

## तयारी

योग्य रेकॉर्डिंग शोधा. या गाण्याच्या शेकडो आवृत्त्या आहेत. नुसतं गाण्याचं नाव टाकून शोधलंत तर काहीही पुढे येईल. आपल्याला हवा असलेला अल्बम 'समथिंग एल्स', कंपनी ब्लू नोट, मुखपृष्ठावर पहिलं नाव कॅननबॉल अ‍ॅडर्लीचं. अल्बमचं हे पहिलंच गाणं.

तपासा: गाण्याची लांबी जवळजवळ ११ मिनिटं दिसली पाहिजे. पाच-सहा मिनिटांचं काही लागलं असेल तर ते दुसरं आहे.

फोनचा स्पीकर नको. हे नखरे म्हणून सांगत नाही. या ऐकण्यात बेस हा मुख्य आधार आहे आणि फोनच्या स्पीकरमधून बेसचे खालचे सूर जवळजवळ येतच नाहीत. साधे हेडफोन चालतील, पण दोन्ही कानांत घाला. स्टीरिओ प्रतीत काही वाद्यं एका बाजूला असतात, एकाच कानात ऐकलंत तर अर्धा बँड गायब होईल.

अ‍ॅपमधलं क्रॉसफेड बंद करा. ते चालू असेल तर आधीचं गाणं पुढच्या गाण्याच्या सुरुवातीवर चढतं. इथे सुरुवातच महत्त्वाची आहे.

पाच नावं आणि पाच वाद्यं लिहून समोर ठेवा. आल्टो सॅक्सोफोन कॅननबॉल अ‍ॅडर्ली. ट्रंपेट मायल्स डेव्हिस. पियानो हँक जोन्स. डबल बेस सॅम जोन्स. ड्रम्स आर्ट ब्लेकी. (दोन्ही जोन्सांचं आपसात नातं नाही.) ट्रंपेटच्या तोंडात हार्मन म्यूट (आवाज दाबणारं बूच) बसवलेला आहे, म्हणून त्याचा आवाज बारीक, कोरडा आणि अगदी कानाजवळ बोलल्यासारखा येतो. हा ट्रंपेट आहे हे आधी माहीत नसेल तर बरेच जण त्याला भलतंच काहीतरी समजतात.

एका बैठकीत सगळ्या पायऱ्या करायला जाऊ नका. पहिल्या दोन पायऱ्यांना तर हे रेकॉर्डिंग लावायचंही नाही.

## पायरी १: चाल पाठ करा, पण दुसरीकडून

मायल्स चाल वाजवतो ती मोडून, गाळून, उशिरा. मूळ चाल तिथून शिकायला गेलात तर त्याने काय गाळलं हे कधीच कळणार नाही. म्हणून आधी गायलेली, सरळ आवृत्ती घ्या. गायक नॅट किंग कोलची उत्तम: शब्द स्पष्ट, सूर जागच्या जागी.

सावधान: मूळ फ्रेंच गाणं ऐकायला घेतलंत (चाल जोसेफ कॉस्माची, शब्द झाक प्रेव्हेरचे) तर त्यात आधी एक लांब प्रस्तावनेसारखा भाग येतो. जॅझवाले तो वाजवत नाहीत. ते फक्त पुढचं ध्रुवपद घेतात. फ्रेंच गायक इव्ह मोंताँच्या गायनावरून चाल शिकणाऱ्यांचा इथे हमखास गोंधळ होतो.

ज्यांना सरगम येते त्यांच्यासाठी काम फारच सोपं आहे. पहिली ओळ चार तुकड्यांची आहे (ग कोमल, बाकी जिथे कोमल तिथे लिहिलं आहे):

सा रे ग, मग वरचा कोमल ध लांब.
मंद्रातला कोमल नि, सा रे, मग प लांब.
मंद्रातले कोमल ध, कोमल नि, सा, मग म लांब.
मंद्रातले प, शुद्ध ध, शुद्ध नि, मग ग लांब.

तीन सूर पायरीने वर, मग एक उडी आणि थांबा. हाच आकार दर वेळी एक पायरी खाली येतो. चौथ्या तुकड्यात ध-नि शुद्ध होतात, तिथे चाल क्षणभर वेगळी लागते. ती जागा लक्षात ठेवा.

दुसरी ओळ पहिलीसारखीच सुरू होते, पण शेवटी 'रे म ग सा' असं करत सा वर येऊन बसते. पहिली ओळ ग वर लटकत राहते, दुसरी घरी येते. हा फरक किरकोळ वाटेल. पुढे आपण कुठे आहोत हे ओळखायला तोच उपयोगी पडतो. तिसरी आणि चौथी ओळ वेगळ्या आहेत, त्या ऐकून बसवा. कोलबरोबर चार-सहा वेळा गुणगुणलंत की बसतात.

घरी पेटी असेल तर रेकॉर्डिंगचा सा पांढरी पाच आहे.

सावधान: सरावाला तानपुऱ्याचं अ‍ॅप लावू नका. आपल्या सवयीने हात तिकडे जातोच. इथे सा हा कायमचा पाया नाही, खालचे कॉर्ड सतत हलतात आणि तोच सूर प्रत्येक कॉर्डवर वेगळा लागतो. तानपुरा लावलात की नेमका हाच अनुभव बुजतो.

तपासा: काहीही न लावता, भांडी घासताना किंवा चालताना, चारही ओळी सलग गुणगुणता येतात का? मध्ये अडखळायला होत असेल तर पुढे जाऊ नका. बाकीचे टप्पे रेटून नेता येतात, हा येत नाही.

## पायरी २: बत्तीस बार हातावर बसवा

एका बारमध्ये चार मात्रा. आठ बारची एक ओळ. चार ओळी, म्हणजे बत्तीस बार, म्हणजे एक पूर्ण फेरी. वादक तिला कोरस म्हणतात. मात्रांत मोजलं तर १२८, म्हणजे तीनतालाची आठ आवर्तनं: एका ओळीला दोन. ज्यांच्या अंगात तीनताल मुरला आहे त्यांनी हा हिशोब खुशाल वापरावा. फक्त त्यात टाळी-खाली शोधू नये. इथे ठेका जागा दाखवत नाही, ते काम कॉर्ड करतात.

मोजायची सोपी रीत अशी. एका बोटावर चार बार: तीन पेरं आणि टोक. अंगठा दर बारच्या पहिल्या मात्रेला पुढे सरकवायचा. दोन बोटं झाली की एक ओळ. डाव्या हाताची चार बोटं संपली की पहिल्या दोन ओळी झाल्या. उजव्या हातावर तिसरी आणि चौथी. मग पुन्हा डावा हात. कोणत्या हातावर आहात त्यावरून अर्धी फेरी झाली की नाही हे न मोजता कळतं.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. चालीचा पहिला सूर म्हणजे पहिला बार नव्हे. 'सा रे ग' हे तीन सूर आधीच्या बारच्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर येतात. 'एक' पडतो तो लांब कोमल ध वर. बंदिशीचा मुखडा समेआधी उठतो आणि सम पुढच्या अक्षरावर येते, तसंच हे. मुखड्यापासून मोजायला सुरुवात केलीत तर सगळी फेरी तीन मात्रांनी सरकते आणि मग "हे लोक तालात नाहीत" असं वाटायला लागतं.

आणखी एक. मानेने किंवा चुटकीने साथ द्यायची असेल तर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर द्या. ड्रमरचा पायातला हाय-हॅट (झांजांची जोडी) सहसा तिथेच मिटतो. आपला हात सवयीने पहिल्या मात्रेवर जातो. तो तसा गेल्याने मोजणी चुकत नाही, पण लयीचा झोका अंगात उतरत नाही.

तपासा: कोलचं गाणं लावून बोटांवर मोजा. दुसरी ओळ सा वर येऊन बसते तेव्हा अंगठा डाव्या हाताच्या शेवटच्या बोटावर असला पाहिजे.

## पायरी ३: आता रेकॉर्डिंग लावा, आणि फक्त बेस ऐका

पहिल्या वेळी ट्रंपेट-सॅक्सोफोनकडे दुर्लक्ष करायचं. अवघड आहे, पण करा.

सुरुवातीला चाल नाही. बेस आणि पियानो उदास छटेच्या मायनरमधली एक आकृती पुन्हा पुन्हा वाजवतात आणि तिच्यावर दोन्ही फुंकवाद्यं येतात. ही मांडणी पियानोवादक अहमद जमालच्या पद्धतीवरून घेतलेली आहे. हा भाग मोजायचा नाही. बोटं मिटून बसा. तो थांबतो, मायल्स 'सा रे ग' घेतो आणि लांब सूर पडतो, तिथून अंगठा डाव्या हाताच्या पहिल्या पेरावर.

आता बेसच्या खालच्या सुरांवरून दोन मुक्काम ओळखायचे. पहिल्या ओळीत तिसऱ्या बारला सगळं एका उजळ वाटणाऱ्या मेजर कॉर्डवर येऊन टेकतं (कोमल ग वर उभा असलेला मेजर), आणि सातव्या बारला सा च्या मायनरवर. म्हणजे ओळीचा पहिला अर्धा उघडतो, दुसरा मिटतो. दुसऱ्या ओळीत पुन्हा तेच. तिसऱ्या ओळीत क्रम उलटतो: आधी मायनर, मग मेजर. चौथी ओळ मायनरमधून पायरीपायरीने खाली घसरत शेवटी मायनरवरच संपते.

मेजर-मायनरची नावं डोक्यात घोळवत बसू नका. 'उघडलं' आणि 'मिटलं' एवढं ऐकू आलं तरी पुरे. तिसऱ्या ओळीतली उलटापालट ऐकू यायला लागली की फेरीतली तुमची जागा तुम्ही कधीच पूर्णपणे हरवत नाही. मधे मोजणी सुटली तरी पुढच्या तिसऱ्या ओळीशी ती पुन्हा जुळवून घेता येते.

एका फेरीला साधारण एक मिनिट लागतं. सोलो सुरू झाले की सॅम जोन्स बहुतेक दर मात्रेला एक सूर टाकत चालत राहतो. ११ मिनिटांतल्या खऱ्या मजुराचं नाव विचारलंत तर मी त्याचं घेईन.

तपासा: गाणं मधेच कुठेही थांबवा. आत्ता कितवी ओळ? दहापैकी सहा वेळा बरोबर आलं तरी पुढे जायला हरकत नाही.

## पायरी ४: मायल्सने काय गाळलं ते ऐका

आता ट्रंपेट. फक्त पहिली फेरी ऐका आणि थांबवा. पुन्हा लावा. चार-पाच वेळा.

प्रत्येक वेळी तुमची पाठ केलेली चाल मनात सरळ चालू ठेवा आणि त्याची चाल तिच्यावर ठेवून पाहा. कुठे तो तुमच्या मागून येतो, कुठे सूर अर्धाच सोडतो, कुठे तुम्ही दोन सूर गाता तिथे तो गप्प बसतो. तो कंप जवळजवळ देत नाही, सूर सरळ धरतो. म्हणून सूर कुठे लागला आणि कुठे सुटला हे अगदी उघडं पडतं.

इथे एक चूक नेहमी होते: ही फेरी म्हणजे नुसती ओळख आणि खरं संगीत पुढे, असं समजून लोक इथे सैल बसतात. ख्यालात बंदिश एकदा मांडून मग बढत सुरू होते, त्या सवयीने हे होत असावं. माझ्या मते या रेकॉर्डिंगमधली सगळ्यात धाडसी फेरी हीच आहे, कारण एक सूर गाळूनही चाल ओळखू येईल की नाही याचा अंदाज इथे पणाला लागतो.

तपासा: मायल्सने गाळलेली निदान एक जागा बोट ठेवून दाखवता येते का? "कमी वाजवलंय" हे उत्तर चालणार नाही. कितव्या ओळीत, कोणता सूर?

## पायरी ५: कॅननबॉलच्या दोन फेऱ्या आणि चार लांब सूर

ज्या जागी सगळे हरवतात ती ही. कॅननबॉल भरपूर वाजवतो. लहान लहान सूर, मधेच दुप्पट गतीच्या लडी, मधेच ब्लूजकडे झुकणारं एखादं वळण. त्याच्या मागे धावायला गेलात तर दहा सेकंदांत दम लागेल.

तेव्हा त्याच्या मागे धावू नका. चालीचा सांगाडा गुणगुणा. पहिल्या ओळीतले फक्त लांब सूर घ्या: कोमल ध, प, म, ग. प्रत्येक सूर दोन बार धरायचा. पहिल्या बारला ध, तिसऱ्याला प, पाचव्याला म, सातव्याला ग. बस, एवढंच. अगदी हळू, तोंड मिटून, आणि वर सॅक्सोफोन वाजू द्या.

पहिल्यांदा हे सूर आणि सॅक्सोफोन दोन वेगळ्या खोल्यांत चालल्यासारखे वाटतील. तिसऱ्या-चौथ्या वेळी कुठेतरी त्याचा एखादा सूर तुमच्या सुराला येऊन लागेल, किंवा मुद्दाम शेजारून जाईल, आणि तुम्हाला ते कळेल. त्या क्षणापासून हा सोलो म्हणजे सुरांचा पाऊस राहत नाही. तो कशाभोवती वाजवतो आहे हे दिसायला लागतं.

क्रम असा ठेवा:

१. पहिल्या दोन ओळींत चार लांब सूर, दोनदा. दुसऱ्या ओळीच्या शेवटी ग ऐवजी सा.
२. तिसऱ्या आणि चौथ्या ओळीत गुणगुणू नका, फक्त उजव्या हातावर बार मोजा.
३. दुसरी फेरी सुरू झाली की पुन्हा लांब सूर.
४. हे जमलं की मगच तिसऱ्या-चौथ्या ओळीची चाल मनात म्हणा.
५. शेवटी गुणगुणणं पूर्ण बंद. चाल आता फक्त मनात.

सावधान: मोठ्याने गाऊ नका. मोठ्याने गायलात की कान स्वतःच्या आवाजाकडे जातो आणि सोलो पुन्हा पार्श्वसंगीत होतो.

आणखी एक इशारा, खास आपल्याकडच्या कानासाठी. ओळ संपते तिथे कॅननबॉलचं वाक्य संपेलच असं नाही. तो बऱ्याचदा ओळीच्या सीमेवरून पुढे वाजवत जातो. तो समेवर आला नाही, चुकला, असं समजू नका. इथे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर येऊन दाखवणं हे कौशल्याचं माप नाही. सीमा कुठे आहे हे ठाऊक असूनही ती ओलांडणं, आणि बँडने ती न हलवणं, यात मजा आहे. पण सीमा तुम्हाला ठाऊक असेल तरच ही मजा तुमच्या वाट्याला येते.

तपासा: सोलोच्या मध्यावर आवाज शून्य करा. मोजत राहा, लांब सूर मनात धरून ठेवा. दहा-पंधरा सेकंदांनी आवाज वाढवा. तुमची ओळ आणि बँडची ओळ जुळली तर ही पायरी संपली. जुळली नाही तर पायरी ३ कडे परत जा. पायरी ५ पुन्हा पुन्हा करून ती दुरुस्त होत नाही.

## पायरी ६: दोघांना शेजारी ठेवा

कॅननबॉलनंतर मायल्सचा सोलो येतो. इथे दोन अपेक्षा आधी बाजूला ठेवायला हव्यात.

एक, जुगलबंदीची. दोन मोठी नावं एकत्र म्हटलं की आपण सवाल-जवाबाची वाट पाहतो. या रेकॉर्डिंगमध्ये तो नाही. सुरुवातीच्या आकृतीत ते एकत्र आहेत, बाकी एक वाजवतो तेव्हा दुसरा गप्प. त्यांची भागीदारी ऐकायची तर दोन सोलोंच्या सांध्यावर ऐका. कॅननबॉलने फेरी गच्च भरून टाकली आहे. आता मायल्स काय करतो? शेवटची तीस सेकंदं आणि पहिली तीस सेकंदं एवढाच तुकडा पाच-सहा वेळा ऐका. त्याने रिकाम्या सोडलेल्या जागा तुम्हाला एवढ्या मोठ्या वाटतात त्या आधीच्या भरगच्च वाजवण्यामुळेच.

दुसरी अपेक्षा द्रुतची. लय वाढत नाही. शेवटपर्यंत वाढणार नाही. चढत्या लयीची वाट पाहणारा श्रोता पाच मिनिटांनी कंटाळतो. उत्कंठा इथे सुरांच्या दाटीत आणि साथीत आहे.

म्हणून साथ ऐका. आर्ट ब्लेकी हा गडगडाटासाठी प्रसिद्ध असलेला ड्रमर. इथे तो किती हात राखून वाजवतो ते पाहा. कुठे ब्रश आहेत, कुठे काठ्या, आणि बदल नेमका फेरीच्या सीमेवर होतो का, हे मोजता येत असल्यामुळे आता तुम्हाला सांगता येईल. पियानोवर हँक जोन्स कॅननबॉलच्या मागे कॉर्ड किती वेळा टाकतो आणि मायल्सच्या मागे किती, हेही पाहा.

एक काम कागदावर करा. मायल्सच्या सोलोच्या किती फेऱ्या होतात ते मोजून लिहा. मग दोघांच्या पहिल्या फेरीतल्या पहिल्या ओळीपुढे एवढंच लिहा: पहिला सूर पहिल्या बारला आला की नंतर? चालीचा लांब सूर कुठे लागला का? सगळ्यात लांब शांतता कोणत्या बारला होती?

"दोघांत भारी कोण" हा प्रश्न मात्र लिहू नका. तो विचारला की कान एकाची बाजू घेतो आणि दुसऱ्याचं ऐकणं थांबवतो. (माझं मत विचाराल तर पाच वेळा ऐकताना कॅननबॉल, पंधरा वेळा ऐकल्यावर मायल्स, आणि त्यानंतर सॅम जोन्स.)

## पायरी ७: पियानो आणि शेवट

पियानोचा सोलो सुरू झाला की लोक फोन बघतात. हँक जोन्स आवाज चढवत नाही, म्हणून तो विश्रांतीचा भाग वाटतो. तुमच्याकडे आता लांब सूर आहेत. ते इथे लावून पाहा. पियानोवर ते सॅक्सोफोनपेक्षा लवकर सापडतात, कारण सूर मोजके आहेत.

मग मायल्स चाल घेऊन परत येतो. इथे परीक्षा: तो पहिल्या ओळीपासून सुरू करतो की मधल्याच एखाद्या ओळीपासून? उत्तर मी देत नाही. अंगठा कोणत्या हातावर आहे ते बघा, उत्तर तिथे आहे.

त्यानंतर सुरुवातीची मायनर आकृती परत येते आणि बराच वेळ चालते. बोटं मिटा. आता फेरी नाही. बत्तीस बार मोजत राहिलात तर उगाच अस्वस्थ व्हाल. एवढा वेळ चाललेली चौकट काढून घेतल्यावर तेच पाच जण किती वेगळे वाजवतात, एवढंच इथे ऐकायचं.

## नेहमीच्या तक्रारी आणि त्यांचा इलाज

*"दुसऱ्या फेरीपासून मोजणी सुटते."* तुम्ही मात्रा मोजत आहात. बार मोजा. १२८ पर्यंत कुणाचंच लक्ष टिकत नाही.

*"चाल मनात धरली की सोलो ऐकूच येत नाही."* चाल अजून पाठ झालेली नाही. पाठ झालेली गोष्ट लक्ष खात नाही. कोलकडे परत जा.

*"मोजल्याने मजा जाते."* जाते, थोडे दिवस. बोटं हे शिकतानाचे टेकू आहेत. 'उघडलं-मिटलं' न मोजता कळायला लागलं की ते काढून टाका.

## पायरी ८: हीच चाल, दुसरी माणसं

घाई करू नका. वरचं सगळं जमल्याशिवाय इथे आलात तर पुन्हा पहिल्यासारखे हरवाल.

आधी बिल एव्हन्सच्या त्रिकुटाची १९५९ ची आवृत्ती घ्या, 'पोर्ट्रेट इन जॅझ' या अल्बमवरची. बेसवर स्कॉट लाफारो, ड्रम्सवर पॉल मोशन. या अल्बमच्या पुढच्या प्रतींमध्ये हे गाणं दोनदा सापडतं, कारण त्याच सत्रातले दोन टेक (एकाच गाण्याची दोन वेगळी वादनं) उपलब्ध आहेत. कोणताही एक निवडा आणि तोच धरून ठेवा, अदलाबदल करू नका. चाल झाल्यावर इथे बेस आणि पियानो एकमेकांशी तुकड्यातुकड्यांत बोलायला लागतात. सॅम जोन्ससारखं दर मात्रेला चालणारं कुणी काही काळ नसतंच. पायरी ३ मधला आधार काढून घेतला आहे. फेरी मात्र बत्तीस बारचीच आहे. चार लांब सूर मनात धरा, दुसरं काही हाताशी नाही.

ते पेललं की मायल्सचंच १९६३ चं प्रत्यक्ष मैफिलीतलं रेकॉर्डिंग, 'मायल्स डेव्हिस इन युरोप'. पियानोवर हर्बी हँकॉक, बेसवर रॉन कार्टर, ड्रम्सवर टोनी विल्यम्स, टेनर सॅक्सोफोनवर जॉर्ज कोलमन. पाच वर्षांपूर्वीची मांडणी शोधत बसू नका. इथे मायल्स चाल आणखी मोडतो आणि खालचा ताल सतत हलत राहतो. श्रोत्यांच्या टाळ्या सोलोच्या शेवटी येतात, त्यांचा फेरी मोजायला उपयोग करू नका. टाळ्या सुरू होतात तेव्हा पुढची फेरी बहुधा आधीच सुरू झालेली असते, आणि पुढच्या वादकाचे पहिले दोन बार त्या आवाजाखाली गेलेले असतात. टाळ्या ओसरल्यावर तिसऱ्या बारपासून पकडा, मेजरवर टेकणं तिथेच येतं.